मांडीवरचा प्रवासी

नवं प्रवासी विमान सेवेत यायच्या आधी त्याला एक परीक्षा द्यावी लागते. विमान खच्चून भरायचं, अंधार करायचा, निम्मी दारं बंद ठेवायची आणि ९० सेकंदांत सगळ्यांना घसरगुंड्यांवरून जमिनीवर आणून दाखवायचं. एअरबसच्या दुमजली ए-३८० विमानानं ही परीक्षा २६ मार्च २००६ रोजी जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये दिली. ८७३ माणसं ७८ सेकंदांत बाहेर! एकाचा पाय मोडला, काहींना खरचटलं, पण विमान पास झालं.

या परीक्षेच्या अमेरिकी नियमावलीत लहान मुलांसाठीही एक कलम आहे. दोन वर्षांखालच्या बाळांच्या वतीनं खऱ्या बाळाच्या आकाराच्या तीन बाहुल्या हजर हव्यात, त्या प्रवाशांनी कडेवर घेऊन उतरावं आणि प्रवाशांच्या संख्येत मात्र त्यांना धरू नये. म्हणजे जगातली समस्त तान्ही मंडळी विमानाच्या परीक्षेला डमी बसवून पास होत आली आहेत. बाहुलीचा एक बूट सीटखाली गेलेला नसतो. तिला आईकडून बाबांकडे आणि लगेच बाबांकडून आईकडे जायचं नसतं. दारापाशी नंबर लागला असताना तिला शी होत नाही. आणि घसरगुंडीवरून एकदा खाली आल्यावर ती "पुन्हा!" म्हणून हट्ट धरत नाही.

खऱ्या मुलांची खरी परीक्षा २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर झाली. जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना धावपट्टीवर उभ्या असलेल्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं आणि पेटलं. तटरक्षक दलाचे पाच जण गेले. पण पेटलेल्या प्रवासी विमानातले सगळेच्या सगळे ३७९ जण वाचले, आणि त्यांत दोन वर्षांखालची आठ मुलं होती. आतली घोषणायंत्रणा बंद पडल्यामुळे कर्मचाऱ्यांनी कर्णा घेऊन ओरडून सूचना दिल्या आणि लोकांनी बॅगा जागच्या जागी सोडल्या. चाकं जमिनीला लागताक्षणी उठून वरचा कप्पा उघडणाऱ्या, आणि त्यातून लोणच्याच्या बरणीची पिशवी आधी काढून घेणाऱ्या मंडळींनी ही शेवटची गोष्ट निवांत वाचावी.

टेकऑफच्या आधी विमानात जी बांधाबांध सुरू होते ती बघण्यासारखी असते. चहाची ट्रॉली कडी लावून कप्प्यात जाते. किटल्या अडकवल्या जातात. लॅपटॉप मिटा, टेबल वर करा, पर्स समोरच्या सीटखाली सरकवा, अशी कर्मचाऱ्यांची फेरी होते. एखाद्या काकूंनी मांडीवर घट्ट धरलेली पर्ससुद्धा गोड आवाजात काढून घेतली जाते, कारण धक्का बसला तर ती उडून कुणाला तरी लागेल. त्याच काकूंच्या शेजारी त्यांची सून दहा किलोचा नातू मांडीवर घेऊन बसलेली असते. त्याला कुणी काही म्हणत नाही. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत त्याला सीट लागत नाही. देशांतर्गत प्रवासात ठरावीक किरकोळ आकार आणि परदेशी प्रवासात साधारण दहा टक्के भाडं भरलं की काम झालं.

भारतीय विमानांत या बाळासाठी एक छोटा जादा पट्टा मिळतो. एअरहोस्टेस तो आणून देते. आईच्या पट्ट्यात त्याची पट्टी ओवायची आणि तो बाळाच्या पोटावर लावायचा. बाबा लोक या वेळी पुढे सरसावतात, पट्टा उलटा करून बघतात, "हे असं नाही, तसं" असं दोनदा म्हणतात आणि तेवढ्यात आईनं तो लावलेला असतो. बाळ ताबडतोब बक्कल तोंडात घालतं.

या पट्ट्यावर जगात एकमत नाही. युरोपच्या नियमांनुसार मांडीवरच्या बाळाला तो बांधलाच पाहिजे. अमेरिकेच्या नियमांनुसार टेकऑफ आणि लँडिंगला तो बांधायचाच नाही, कारण जोराचा धक्का बसला तर आईचं शरीर पुढे दुमडतं आणि तिच्या पट्ट्याला जखडलेलं बाळ मधे चेंगरतं. त्यामुळे जावळ काढायला न्यूजर्सीहून पुण्याला निघालेलं बाळ अमेरिकन कंपनीच्या विमानात पट्ट्याविना बसतं, फ्रँकफर्टला विमान बदललं की युरोपियन कंपनी त्याला बांधून घालते, आणि आईनं दोन्हीकडे "आमच्याकडे सुरक्षेला सर्वोच्च प्राधान्य आहे" ही घोषणा ऐकायची असते. गंमत म्हणजे दोघांचंही म्हणणं थोडं थोडं बरोबर आहे. पट्टा नसेल तर बाळ हातातून सुटतं. पट्टा असेल तर ते आईची उशी होतं.

हातांनी घट्ट धरू, असं प्रत्येक आईला वाटतं. त्या वाटण्यावर गणित काही दया करत नाही. आधुनिक विमानाच्या सीटा गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट धक्क्याला टिकतात की नाही हे तपासलेलं असतं. त्या धक्क्यात १० किलोचं बाळ धरून ठेवायचं म्हणजे क्षणभर १६० किलो पेलायचे. व्यायामशाळेत वर्षानुवर्षं घाम गाळणाऱ्यालाही हे जमायचं नाही, मग रात्रभर जागलेल्या, एका हातात दुधाची बाटली असलेल्या बाईची काय कथा.

इथे विनोद जरा बाजूला ठेवावा लागतो. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेड एअरलाइन्सचं २३२ क्रमांकाचं विमान शेपटीतलं इंजिन फुटून अमेरिकेतल्या सू सिटीच्या धावपट्टीवर कोसळलं. २९६ जणांपैकी ११२ गेले. विमानात मांडीवरची चार मुलं होती. प्रमुख एअरहोस्टेस जॅन ब्राउन यांनी तेव्हाच्या नियमपुस्तिकेप्रमाणे आयांना सांगितलं की बाळं पायाशी जमिनीवर ठेवा आणि धरून ठेवा. आदळल्यावर ती कुणालाच धरता आली नाहीत. एक तान्ही मुलगी चक्क वरच्या सामानाच्या कप्प्यात सापडली. बाहेर पडलेला एक प्रवासी तिचं रडणं ऐकून धुरात परत शिरला आणि तिला घेऊन आला. एक मुलगा मात्र वाचला नाही. त्याची आई त्याला शोधायला आत धावत निघाली तेव्हा तिला अडवणाऱ्या जॅन ब्राउनच होत्या. प्रत्येक बाळाला स्वतःची बांधलेली सीट मिळावी, म्हणून त्या पुढे अनेक वर्षं अमेरिकन काँग्रेससमोर आणि जिथे कुणी ऐकेल तिथे बोलत राहिल्या.

अमेरिकेच्या विमान प्रशासनानं २००५ मध्ये त्यावर जे उत्तर दिलं ते मासलेवाईक होतं. बाळासाठी सक्तीनं तिकीट काढायला लावलं तर काटकसरी आईबाप विमान सोडून मोटारीनं निघतील, आणि मोटारीचा रस्ता विमानापेक्षा कितीतरी धोक्याचा असल्यामुळे एकूण जास्त माणसं मरतील. सबब, सक्ती नको. सल्ला मात्र आहे की सीट घ्याच! हिशेब म्हणून यात खोट काढणं अवघड. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर शनिवारी सकाळी गाडी चालवलेला माणूस तर हात जोडून कबूल करील. पण बोरिवलीहून न्यूजर्सीला निघालेल्या कुटुंबाला मोटारीचा पर्याय कसा असणार, हे त्या हिशेबात बसत नाही.

मग ५ जानेवारी २०२४ उजाडली. अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग विमानाच्या भिंतीतला दरवाजाएवढा तुकडा हवेतच निखळून गेला. शेजारच्या दोन सीटा नशिबानं रिकाम्या होत्या. जवळच बसलेल्या एका मुलाचा शर्ट हवेनं अंगावरून ओढून नेला. त्या विमानात मांडीवर बसलेली तीन बाळं होती. ती भोकाशेजारच्या सीटांवर नव्हती म्हणून बातमी "शर्ट उडाला" एवढ्यावर भागली. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळानं त्यानंतर पुन्हा तेच सांगितलं, जे जॅन ब्राउन ३५ वर्षं सांगत होत्या.

सीटच्या वर लपलेल्या ऑक्सिजन मास्कची गोष्टही अशीच हिशेबाची. तीन सीटांच्या वर साधारणपणे चार मास्क असतात. चौथा मांडीवरच्या बाळाचा. म्हणूनच एका बाजूच्या तीन सीटांत मांडीवरची दोन बाळं बसवत नाहीत. लग्नाला निघालेल्या दोन जावा आपापली तान्ही घेऊन "आम्हाला एकत्रच बसू द्या" म्हणून चेक-इनच्या मुलीशी वाद घालतात, तेव्हा त्या बिचारीच्या मनात हा पाचवा, नसलेला मास्क असतो. ती तेवढंच म्हणते, "सिस्टिम घेत नाहीये मॅडम."

मास्क आधी स्वतःला लावा, मग मुलाला, ही सूचना मराठी आयांच्या स्वभावाला सर्वांत जड जाते. जिनं आयुष्यात गरम पोळी सगळ्यांच्या शेवटी खाल्ली, तिला आकाशात एकदम पहिला नंबर घ्यायला सांगायचं! पण कारण साधं आहे. ३५ हजार फुटांवर हवेचा दाब गेला तर हातपाय चालवण्याइतकी शुद्ध जेमतेम अर्धा ते एक मिनिट टिकते. बाळाच्या कानामागून इलॅस्टिक नीट बसवता बसवता आईच गळून गेली तर दोघांचंही कठीण. हे पुस्तकी नाही. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात केबिनचा दाब राखणारं बटण दाबायचं राहून गेलं. मास्क खाली आले, १६६ प्रवाशांपैकी ३० हून अधिक जणांच्या नाका-कानांतून रक्त आलं आणि विमान मुंबईला परत आलं.

सगळं सुरळीत असलं तरी केबिनमधली हवा जमिनीसारखी नसते. दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखा असतो. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई ५,४०० फुटांचं. म्हणजे विमानात बाळ कळसूबाईच्याही वर चढून बसलेलं असतं, आणि उतरताना जेमतेम अर्ध्या तासात खाली येतं. घसा आणि कान जोडणारी नळी लहान मुलांत अरुंद असते. बाहेरचा दाब वाढत जातो आणि आतला तेवढ्या वेगानं वाढत नाही, म्हणून पडदा ओढला जातो आणि कान दुखतो. विमान वर जाताना होतो त्यापेक्षा हा त्रास खाली येताना जास्त.

यावर आजीचा उपाय म्हणजे कानात कापूस, त्यावर कानटोपी आणि त्यावर दुपटं. मुंबईच्या मे महिन्यातसुद्धा हा पोशाख ठरलेला. कापसानं आजीच्या जिवाला दिलासा मिळतो, कानातल्या दाबाला त्याचा पत्ता लागत नाही. उपयोग होतो तो गिळण्याचा. गिळताना ती नळी उघडते. त्यामुळे उतरायला सुरुवात झाली की अंगावर पाजावं, बाटली द्यावी, थोड्या मोठ्या मुलाला पाणी घोट घोट द्यावं. होतं असं की चार तास रडून रडून बाळ नेमकं "आपण लवकरच उतरत आहोत" या घोषणेला झोपतं, आणि तेव्हा त्याला उठवायची हिंमत करणारी आई अख्ख्या विमानाची शत्रू ठरते. झोपेत गिळणं कमी होतं. तिनं तरीही उठवावं.

झोपेवरून आठवलं. "डॉक्टर, विमानात शांत झोपेल असं काहीतरी द्या ना," ही विनंती बालरोगतज्ज्ञांना नवी नाही. सर्दी-उलटीवरच्या काही जुन्या औषधांनी गुंगी येते, हे घरोघरी माहीत असतं. त्यातलं प्रोमेथझिन दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, श्वास मंदावून जिवावर बेतू शकतं, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्यावर छापायला लावला आहे. शिवाय काही मुलांवर अशा औषधांचा परिणाम नेमका उलटा होतो. ती झोपण्याऐवजी चेकाळतात, आणि मग अरबी समुद्रावरून जाताना बाबांना मध्यरात्री मधल्या वाटेत त्यांच्यामागे धावावं लागतं.

लोक विमान कोसळेल म्हणून देवाचं नाव घेतात. मुलांना प्रत्यक्ष इजा होते ती बऱ्याचदा चहा-कॉफीनं. विमान हललं, पेला कलंडला, मांडीवरचं मूल भाजलं. ऑस्ट्रियन कंपनीच्या माजोर्का-व्हिएन्ना विमानात बाबांच्या टेबलावरची कॉफी सांडून सहा वर्षांची मुलगी भाजली. विमान थरथरलं म्हणून की टेबल सैल होतं म्हणून, ते काही सिद्ध झालं नाही. भरपाईचा दावा होता साडेआठ हजार युरोंचा. कंपनी म्हणाली, हा काही विमानाचा अपघात नव्हे, कॉफी कुठेही सांडते. एवढ्यावर खटला चढत चढत युरोपियन युनियनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९ डिसेंबर २०१९ रोजी न्यायाधीशांनी निकाल दिला की हा अपघातच आहे. कॉफी सांडण्याचा उड्डाणाशी संबंध दाखवायची गरज नाही. ज्या माँट्रियल कराराच्या आधारे हा निकाल लागला, तो भारतानंही २००९ मध्ये स्वीकारला आहे. पण खटला जिंकण्यापेक्षा मूल मांडीवर असताना चहा नको म्हणणं स्वस्त पडतं. आणि मुलाला वाटेकडेची सीट देऊ नये. ट्रॉली त्याच्या कोपराच्या उंचीवरून जाते, गरम पेले डोक्यावरून जातात, आणि वरच्या कप्प्यातून निघणारी बॅग पहिल्यांदा तिथेच पडते.

विमानात बसण्याआधीचा विमानतळ हा तर वेगळाच मामला. डिसेंबर २००६ मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर एका आजीबाईंनी सुरक्षा तपासणीत सगळ्यांसारखं करायचं म्हणून पर्स, कोट वगैरे ट्रेमध्ये ठेवलं आणि दुसऱ्या ट्रेमध्ये महिन्याचा नातू. पट्टा सरकला. क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर बाळाची आकृती दिसताच कर्मचाऱ्यानं धावत जाऊन ट्रे बाहेर ओढला. डॉक्टरांनी तपासून धोका नसल्याचं सांगितलं. वाचणाऱ्याला हसू येतं, पण "सगळं ट्रेमध्ये ठेवा" असं सहा वेळा खेकसून सांगितल्यावर एखादी आजी शब्दशः ऐकणारच. जुलै २०१९ मध्ये अटलांटाला बोर्डिंग पास छापायला आईनं दोन वर्षांच्या मुलाला क्षणभर खाली ठेवलं. तो सामानाच्या सरकत्या पट्ट्यावर चढला आणि बॅगांबरोबर पाचेक मिनिटं फिरत थेट तळघरातल्या तपासणीच्या खोलीत पोचला. हात मोडला, बाकी सुखरूप. त्यामुळे आपल्याकडे सरकत्या जिन्यावर बाबागाडी चढवणाऱ्या बापाला सुरक्षारक्षक शिट्टी मारतो, तेव्हा त्याचा राग मानू नये. लिफ्ट शेजारीच असते.

इतकं सगळं बघितल्यावर विमान कंपन्यांनी मुलांच्या सुरक्षेसाठी काय काय शोधलं असेल, असं वाटतं. शोध लागला तो मुलांपासून मोठ्यांच्या सुरक्षेचा. इंडिगोनं २०१६ मध्ये काही रांगांना शांत क्षेत्र ठरवून बारा वर्षांखालच्या मुलांना तिथे बंदी घातली. जपान एअरलाइन्सच्या आसनांच्या नकाशावर तर बाळ कुठे बसणार आहे त्या सीटवर बाळाचं चित्र दिसतं, म्हणजे इतरांना वेळेवर पळता येतं. एप्रिल २०२४ मध्ये भारताच्या विमान महासंचालनालयाला कंपन्यांना आदेश काढून सांगावं लागलं की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला निदान आई किंवा बाबा यांच्यापैकी एकाशेजारी बसवा. चार वर्षांचं मूल २४व्या रांगेत आणि आई ७व्या रांगेत असल्या वाटपाला आदेशाशिवाय आळा बसत नव्हता.

जून २०१७ मध्ये दम्मामहून कोचीला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात ३५ हजार फुटांवर एका मुलाचा जन्म झाला आणि विमान मुंबईकडे वळवावं लागलं. कंपनीनं खूश होऊन त्याला आयुष्यभर मोफत प्रवास जाहीर केला. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीच बंद पडली. मुलगा तेव्हा एक वर्ष दहा महिन्यांचा होता. म्हणजे स्वतःची सीट मिळायच्या वयाला पोचायच्या आतच त्याचा आयुष्यभराचा पास संपला.

बाळाला सीट हवी असेल तर ती विकत घेता येते. बुकिंगच्या पानावर हे कुणी आपण होऊन सांगत नाही, कंपनीला फोन करून विचारावं लागतं. मोटारीतली बाळाची सीट न्यायची असेल तर तिच्यावर विमानासाठी मंजुरीचं लेबल असलं पाहिजे. नुसता उंची वाढवणारा बूस्टर चालत नाही. न्यायला मिळालीच तर ती खिडकीशी लावा. पुढच्या भिंतीवर टांगायचा पाळणा लांबच्या प्रवासाला सोयीचा, पण टेकऑफ, लँडिंग आणि हेलकाव्यांच्या वेळी बाळाला त्यातून उचलावंच लागतं, तेव्हा त्याला सीट समजू नका. आणि तिकीट काढण्यापूर्वी बाळाची जन्मतारीख एकदा नीट बघा. दुसरा वाढदिवस प्रवासाच्या मधेच येत असेल, तर परतीला त्याला स्वतःची सीट आणि स्वतःचं तिकीट लागतं. "अजून तसा लहानच आहे हो" असं काउंटरवर कितीही म्हटलं तरी तिथली मुलगी पासपोर्टवरची तारीख बघते.